पान सत्तेचाळीसवरचं बेट

६ जानेवारी

ठमे,

तुझी पुस्तिका पोचली. पाकीट एवढं जाड की पोस्टमन दारातच म्हणाला, "आत्याबाई, कोर्टाची नोटीस दिसतेय." म्हटलं, नाही हो, भाचीचा पराक्रम आहे. 'देशाची आयात-निर्यात : दहा प्रमुख भागीदार' हे नाव वाचूनच आपल्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी जांभई दिली. पण तू चिठ्ठीत लिहिलं होतंस ना, आत्या, पान सत्तेचाळीस बघ, तुझं नाव नाही पण तूच आहेस. म्हणून चष्मा पुसून ते पान उघडलं. 'कुंचले व ब्रश, हातबनावटीचे.' अगं, एकतीस वर्षं मी ब्रश बांधतेय, आणि आम्हांला सरकारदरबारी एक अख्खं पान आहे हे मला आज कळलं!

ते पान मी चार वेळा वाचलं, आणि त्याला कारण आहे. तुला ठाऊकच आहे, आपला माल बंदरावरचे शेठ घेतात आणि पुढे पाठवतात. कुठे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "जातो बोटीने." आता शेठ धंदा बंद करून लेकीकडे राहायला चाललेत. जूनपर्यंतच माल उचलणार. आणि आपल्या गिऱ्हाइकांची यादी त्यांनी कुणाला दिली असेल? त्या गोदामवाल्याला. तोच, जो बाहेरून प्लॅस्टिकचे ब्रश आणून विकतो. त्याचा आपल्या कारखान्यावर डोळा आहे. जागा द्या म्हणतो, माल ठेवायला बरी आहे. म्हणजे जिथे आपले बावीस जण ब्रश बांधतात, तिथे त्याची प्लॅस्टिकची खोकी रचायची.

तेव्हा मला जूनच्या आत स्वतःचं गिऱ्हाईक शोधायला हवं. नाहीतर कुलूप. तुझ्या बापाला हे बोलू नकोस, उगाच रक्तदाब वाढवून घेईल.

तुझा तक्ता सांगतो की सहा वर्षांपूर्वी आपले शंभरातले एकसष्ट ब्रश त्या उत्तरेच्या थोरल्या देशात जायचे. आता नऊ. आणि ते बेट आहे ना, नकाशात माशी बसल्यासारखं, ते दोनावरून चोपन्नावर गेलंय. मागच्या पानावर आयात बघितली, तर प्लॅस्टिकचे ब्रशसुद्धा बेटाकडूनच येतात. म्हणजे बेटवाले आपले हाताचे चांगले ब्रश स्वतः वापरतात आणि प्लॅस्टिकचे आपल्या गळ्यात मारतात. केवढे शहाणे लोक!

मग मी थोरल्याचा नाद सोडून बेटाच्या मागे लागू ना? फोन करू नकोस, कानाच्या यंत्रातून मला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनाने भरते. लिहून कळव. आकडा पक्का आहे ना?

तुझी आत्या

---

१५ जानेवारी

ती. आत्या,

शेठ असं काही करतील असं वाटलं नव्हतं. बाबांना बोलले नाही.

आकडा पक्का आहे. ते पान माझं आहे आत्या, मी स्वतः तीनदा पडताळलंय. तुला सांगते कसं होतं ते. प्रत्येक बोटीमागे बंदरावरून कागद येतात. माल कोणता, वजन किती, कुठे चालला. ते सगळे आमच्या खोलीत येतात, खिडकीपर्यंत गठ्ठे. मी लागले तेव्हा प्रत्येक मालाचा शेवटचा मुक्काम शोधायला कारकून मागे जोडलेली चौकशीपत्रं चाळत बसायचे. त्यात महिने जायचे, पुस्तिका दोन वर्षं शिळी निघायची. लोक हसायचे, हा व्यापाराचा तक्ता की इतिहासाचा?

सहा वर्षांपूर्वी मी साहेबांना सुचवलं की मागची पत्रं कशाला चाळायची, बोटीच्या पहिल्याच कागदावर मुक्कामाचा रकाना असतो, तो घ्या. काम चार महिन्यांत उरकायला लागलं. बढती मला त्यावरच मिळाली. साहेब अजून नव्या माणसांना सांगतात, ही पद्धत हिची.

थोरल्याचं म्हणशील तर तिकडे सरळ जाणाऱ्या बोटीच दर वर्षी कमी होताहेत, तेही आकड्यांशी जुळतं. तेव्हा बिनधास्त बेटाला लिही. माझ्या कामाचा घरात कुणाला तरी उपयोग झाला, याचा मला फार आनंद झालाय. बाबा अजूनही पाहुण्यांना सांगतात, आमची ठमी सरकारी गणितं सोडवते.

तुझी
ठमी

---

८ फेब्रुवारी

ठमे,

बेटाच्या व्यापारी मंडळाला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. म्हणजे कामात गर्क असणार, चोपन्न टक्के ब्रश काय उगाच लागतात?

इकडे आम्ही विचार केला की बेटावर खारा वारा, म्हणजे लाकूड लवकर खराब होणार. होड्या दर वर्षी रंगवत असतील. म्हणून नवा नमुना बांधला, आखूड दांडा आणि जाड केस, होडीच्या फटीत रंग भरायला. चार डझन केले. फार देखणा झालाय. मिस्त्रींचं तोंड मात्र वाकडंच. म्हणतात, "आत्याबाई, वर्षाला अकरा लाख ब्रश! एवढ्याशा बेटावर? दात घासतात काय त्यांनी?" म्हटलं, तुम्ही केस बांधा, आकड्यांचं माझी भाची बघते.

गोदामवाला परवा येऊन गेला. चहा पाजला. हातातल्या पट्टीने खोली मोजत होता, माझ्यादेखत! आपल्या त्या पाचव्या नंबरच्या बाई आहेत ना, केस निवडून बांधणाऱ्या, त्यांनी विचारलं, "जूनपासून आम्ही कुठे बसायचं?" मी म्हटलं, इथेच. म्हटलं खरं, पण माझंच मला ऐकून बरं वाटलं नाही. ठमे, मी इथे सतरावी कामगार म्हणून लागले, मालकीण फार नंतर झाले. हातावर सुतळीचे वळ आहेत ते या खोलीतले. कुलूप लावायची वेळ आली तर मी काय करेन ते मला माहीत नाही.

आणि आणखी एक ऐकून ठेव. बाहेरच्या मालावर थोरला देश जो कर लावतो, त्यात हाताच्या ब्रशांना सवलत आहे. ती या वर्षी संपते. आपल्या सरकारने मे महिन्यात मागणी केली तरच पुढे चालू राहील, असं वर्तमानपत्रात वाचलं. पण थोरल्याकडे नऊच टक्के जातात म्हटल्यावर सरकार कशाला शब्द टाकेल? मीही जीव जाळत नाही. आपलं सगळं आता बेटावर.

पत्राला उत्तर येत नसेल तर माणसाने स्वतः उठून जावं. मार्चच्या सुरुवातीला निघते. त्रेसष्टाव्या वर्षी परदेश! तुझ्या बापाला आता सांग, पण मी निघाल्यावर.

आत्या

---

१ मार्च

ती. आत्या,

घाईत लिहिते आहे. बेटाचे काही आकडे मी पुन्हा बघते आहे. तसं विशेष काही नाही, पण तू जाण्याची तारीख आठ दिवस पुढे ढकललीस तर बरं. तिकीट काढलं नसशील तर काढू नकोस. सविस्तर मागाहून लिहिते.

तब्येतीला जप.

ठमी

---

११ मार्च, बेटावरून

आकडेबाई,

तुझं एक तारखेचं पत्र मी निघाल्यावर कारखान्यात पोचलं. मिस्त्रींनी इथल्या लॉजवर फोन करून मालकाकडून निरोप दिला, "विशेष काही नाही म्हणतेय, पण जाऊ नका म्हणतेय." मी तेव्हा लॉजच्या जिन्यात बसून पाय चेपत होते.

आता बेटाचं वर्णन ऐक. दोन रस्ते आहेत. एक बंदराकडे जातो, दुसरा बंदराकडून येतो. घरं असतील तीनशे-चारशे, सगळी पत्र्याची नाहीतर सिमेंटची, आणि त्यांतल्या निम्म्यांना जन्मात रंग लागलेला नाही. होड्या मोजल्या. सात. त्यांतल्या दोन फायबरच्या.

हार्डवेअरचं दुकान एकच. दुकानदारीण माझ्याच वयाची, तिच्याही कानात यंत्र. अर्धं खुणांनी, अर्धं मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, बाई, वर्षाला ब्रश किती विकता? तिने दोन बोटं दाखवली. मी म्हटलं, दोन लाख? ती हसली आणि वहीत लिहून दाखवलं. दोन डझन.

ठमे, मी तिथेच तिच्या स्टुलावर बसले. तिने पाणी दिलं. माझ्या मांडीवर पिशवीभर होडीचे ब्रश, आणि डोळ्यांपुढे आपली पाच नंबरवाली बाई.

दुसऱ्या दिवशी बंदरावर गेले. म्हटलं, आलोच आहोत तर बघावं तरी. तुझं ते चोपन्न टक्के काय असतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कंटेनरवर कंटेनर, चार-चार मजले. एक बोट उतरवते, दुसरी चढवते. मधले चार दिवस माल उन्हात पडून असतो, एवढाच त्याचा बेटाशी संबंध. नोंदी करणारा एक कारकून भला माणूस निघाला, त्याने आत नेलं. एक कंटेनर फुटलेला म्हणून खोकी बाहेर काढून ठेवली होती. आणि त्यांवर आपल्या छापाची खार! शेपूट वर केलेली, मिस्त्रींनी पत्र्यात कापलेली, डावा कान जरा मोठा झालेली तीच खार. मी ओरडलेच, "अहो, ही माझी!" कारकून दचकला. विचारलं, हे कुठे चाललं? त्याने कागद पाहून सांगितलं, थोरल्या देशात. नेहमीच जातं, म्हणाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गिऱ्हाईक जुनंच आहे आणि मी समुद्र ओलांडून त्याला भलतीकडे शोधतेय. आधी खूप राग आला. मग हसू आलं. मग परत राग आला, तो अजून आहे.

पण मुख्य गोष्ट पुढेच. दुकानदारीणबाईंना मी दोन ब्रश भेट दिले. त्यांनी दांड्यावरची खार पाहिली आणि गल्ल्याखालचा खण उघडून चार पत्रं काढली. वरती पत्ता, 'खार छाप ब्रशचा कारखाना', आणि खाली बेटाचं नाव. बेटावर ब्रश विकणारी हीच एक, म्हणून पोस्टमन चार वर्षं पत्रं हिच्याच दुकानात टाकतोय. हिला त्यातलं ओ की ठो कळेना, पण फेकवेनात. बंदरातल्या कारकुनाने वाचून सांगितलं. थोरल्या देशातला एक रंगाचा व्यापारी विचारतोय, तुम्ही तीन इंच रुंदीचा ब्रश कराल का? चौथ्या पत्रात लिहिलंय, उत्तर का देत नाही, आमचं काही चुकलं का?

त्यांच्या तक्त्यातही आपला माल बेटाकडून येतो असंच असणार. त्यांना वाटतंय आपला कारखाना बेटावर आहे!

मी आज त्याला लिहिलं. परवा निघते. तू मात्र मला नीट सांग, हे झालं कसं? आणि एक तारखेच्या पत्रात 'विशेष काही नाही' असं का लिहिलंस?

आत्या

---

२२ मार्च

ती. आत्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय.

तुझं आठ फेब्रुवारीचं पत्र आलं, त्यातला मिस्त्रींचा दात घासण्याचा विनोद वाचून मी हसले, आणि मग हसू थांबलं. बेटाची लोकसंख्या काढली. दोन हजारसुद्धा नाही. माणशी साडेपाचशेच्या वर ब्रश. तळघरात जाऊन गेल्या सहा वर्षांचे गठ्ठे सोडले आणि मागे जोडलेली ती चौकशीपत्रं वाचली, जी वाचायची नाहीत असं मीच ठरवलं होतं.

आत्या, बोटीच्या पहिल्या कागदावर जो मुक्काम असतो तो बोटीचा, मालाचा नव्हे. सरळ बोटी होत्या तोवर दोन्ही एकच असायचे, म्हणून कुणाला कळलं नाही. सरळ बोटी कमी झाल्या, माल बेटावर बदली व्हायला लागला, आणि माझ्या तक्त्यात बेट फुगत गेलं. थोरला देश आपल्याकडून कमी घेतच नव्हता. शंभरातले अठ्ठावन्न ब्रश आजही तिकडेच जातात. बेटाचे दोन डझन. एवढा लहान आकडा तक्त्यात मावत नाही, तिथे शून्य येतं. प्लॅस्टिकचे ब्रशही बेटावर बनत नाहीत, तेही दुसऱ्याच कुणाकडून तिथून बदली होऊन येतात. आणि हे फक्त ब्रशांचं नाही. कातडं, काच, सुटे भाग, बेटावरून जाणारं जे जे आहे ते सगळं चुकलंय.

आता जे सांगायचं ते. माझ्या पत्रावर एक मार्च आहे. मला सव्वीस फेब्रुवारीलाच कळलं होतं. तीन दिवस मी लिहिलं नाही. कारखान्यात मिस्त्रींना फोन करता आला असता, तोही केला नाही. मला वाटत होतं की कुठेतरी माझंच बघण्यात चुकलं असेल, पुन्हा बघू. खरं म्हणजे भीती वाटत होती. बढती, साहेबांचं कौतुक, 'ही पद्धत हिची'. आणि तुला लिहिलेलं 'आकडा पक्का'. सव्वीसला पत्र टाकलं असतं तर ते तुला दोन तारखेला मिळालं असतं. तू तीनला निघालीस.

साहेबांना परवा सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत पद्धत बदलून टाकू, गाजावाजा कशाला? ब्रशाचं पान उघडतंय कोण? पण सवलतीची यादी मे महिन्यात ठरते, आणि ती ठरवणारे हेच पान उघडतात. त्यांना नऊ दिसणार. मी काय करू ते मला सुचत नाही.

तुला तोंड दाखवायला लाज वाटते.

ठमी

---

४ एप्रिल

ठमे,

आधी तीन दिवसांचं. मला राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही. चुकलीस म्हणून नाही. आकडा चुकू शकतो, ब्रशही चुकतो. कळल्यावर तू तीन दिवस गप्प बसलीस, त्याचा राग. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला विमानात उलटी झाली ती त्या तीन दिवसांमुळे. झालं, बोलून मोकळी झाले. आता रडत बसू नकोस.

आपल्या कारखान्यातला नियम तू लहानपणी पाहिलायस, पण विसरली असशील. प्रत्येक दांड्यावर बांधणाऱ्याचा नंबर ठोकलेला असतो. पाच नंबरवाली बाई, नऊ नंबर म्हणजे मिस्त्री, सतरा मी. ब्रशाचे केस गळले तर तो दुकानातून ज्याचा नंबर त्याच्याकडे परत येतो, आणि त्याने तो सोडून पुन्हा बांधायचा. कुणी ओरडत नाही. समोर ठेवतात, बस.

लागले त्या वर्षी माझा एक ब्रश परत आला होता. मी हळूच कानशीने नंबर घासून टाकला. आता कोण ओळखणार? पण तेव्हाच्या सतरा जणांच्या खोलीत नंबर नसलेला ब्रश एकच होता! तेव्हाचे मोठे मिस्त्री म्हणाले, "बिननंबरचा कुणाचा, ते आता सगळ्यांना कळलं." मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर सतरा नंबरचा एकही ब्रश परत आलेला नाही. एकतीस वर्षांत एकही नाही, हे तू मिस्त्रींना विचार.

तुझा साहेब तुला नंबर घासायला सांगतोय.

इथली परिस्थिती सांगते. थोरल्या देशातल्या त्या रंगवाल्याचं उत्तर आलं. चार वर्षं थांबलेला माणूस, आठ दिवसांत उत्तर! माल सरळ घ्यायला तयार आहे. पण विचारतो, सवलत राहणार ना? नाही राहिली तर कर भरून हाताचा ब्रश परवडणार नाही, मग प्लॅस्टिकचेच घेईन. म्हणजे सगळं फिरून तुझ्या पान सत्तेचाळीसवरच आलं. बावीस जणांची खोली राहते की गोदाम होते, ते त्या नऊच्या आकड्यावर ठरणार.

मी तुला काय कर ते सांगणार नाही. तू एवढी शिकलीस, मी सुतळी बांधणारी. पण नंबर कुणाचा आहे ते दोघींना माहीत आहे.

आत्या

---

२ मे

ती. आत्या,

लेखी दिलं. 'पद्धत माझी, चूक माझी' असं पहिल्याच ओळीत लिहिलं आणि साहेबांच्या वरच्यांकडे एक प्रत पाठवली. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "मला आधी वाचायला द्यायचं होतंस, शुद्धलेखन सुधारलं असतं." म्हणजे बहुतेक राग गेला.

पद्धतीच्या कामावरून मला काढलंय. आता मी तळघरात, सहा वर्षांची चौकशीपत्रं पुन्हा वाचायची. पुढच्या बढतीचं आणखी एका वर्षाने बघू म्हणाले. बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आत्यावर गेलीस."

शुद्धिपत्राची पट्टी छापून मिळाली. पण छापखाना ती चिकटवून देत नाही, आणि यादी ठरवणाऱ्या समितीला एकतीस मेच्या आत पुस्तिका पोचायला हव्यात. सहाशे प्रती, मी एकटी. ऑफिसात डिंकाचे दोन ब्रश आहेत, एकाला केस नाहीत आणि दुसऱ्याला दांडा.

पट्टीवर खाली माझं नाव टाका म्हटलं, तर म्हणे सरकारी पट्टीवर नाव नसतं.

ठमी

---

९ मे

ठमे,

सोबत होडीचे ब्रश आहेत. बेटाने घेतले नाहीत, सरकार तरी घेऊ दे. आखूड दांडा आहे, जाड केस, डिंकाला एक नंबर. मिस्त्री म्हणतात, बघा, शेवटी गिऱ्हाईक मिळालं.

त्यातला सतरा नंबर मी बांधलाय. तोच वापर, गळणार नाही.

नाव नसू दे. आपल्याकडे बाविसापर्यंत नंबर झालेत. तेवीस रिकामा आहे, तो तुझा.

आत्या

---

३० मे

ती. आत्या,

सहाशेच्या सहाशे झाल्या. शेवटच्या दोन दिवसांत साहेबही बाह्या सरसावून बसले. त्यांना तुझा पाच नंबरचा ब्रश दिला होता. त्यांनी मला विचारलं, दांड्यावर हे आकडे कसले? मी नियम सांगितला. त्यांनी दांडा फिरवून बघितला, म्हणाले, "आपल्याकडे हे नाही ते बरं आहे," आणि पुन्हा चिकटवायला लागले.

मी सगळा वेळ तुझाच सतरा वापरला. समितीला प्रती काल पोचल्या. उत्तरेच्या थोरल्या देशापुढे अठ्ठावन्न, बेटापुढे शून्य. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही.

तुझी एक प्रत वेगळ्या पाकिटातून पाठवतेय. तिच्या पट्टीच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने २३ लिहिलंय. तेवढ्या एकाच प्रतीवर.

ठमी

---

१२ ऑक्टोबर

ठमे,

पत्र लिहायला चार महिने लावले म्हणून रागावू नकोस. तीन इंची ब्रशांनी डोकं वर काढू दिलं नाही.

सवलत तीन वर्षांनी वाढली हे तू वर्तमानपत्रात माझ्याआधी वाचलं असशील. इथे मिस्त्रींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, पाच नंबरवाल्या बाईंनी ऐकलं, आणि हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "म्हणजे बसायला इथेच." मला एकदम रडू आलं. सगळ्यांच्या देखत, काय सांगू! पहिलं खोकं गेल्या आठवड्यात थोरल्याकडे निघालं, बेटावरूनच. दुकानदारीणबाईंना त्या कारकुनाच्या हाती निरोप दिलाय की चार दिवस उन्हात असेल, लक्ष ठेवा. गोदामवाल्याने गावाबाहेर दुसरी जागा घेतली. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्या भाचीने माझं नुकसान केलं." मी म्हटलं, हो, केलं.

आता तुझ्या पुस्तिकेबद्दल. ती जूनमध्येच आली होती, पण नीट बघायला मला काल सवड झाली. उजेडात धरून पान सत्तेचाळीस उघडलं. पट्टी सरळ चिकटवलीयस, कोपरे उचललेले नाहीत. तेवीसही दिसला. मग पट्टीवरून बोट फिरवलं तर खाली काहीतरी लागलं. भिंग आणलं.

केस आहे. ब्रशाचा. डिंकात अडकून बसलाय, बरोबर अठ्ठावन्नाच्या खाली.

मिस्त्रींना दाखवला. त्यांनी दोनदा बघितलं आणि मग दिवसभर शीळ वाजवत होते. खोलीत सगळ्यांना कळलंय. एकतीस वर्षांची माझी मिजास तुझ्या सरकारी डिंकात चिकटली. तू लिहिलंच आहेस की सगळा वेळ सतराच वापरला, आता नाही म्हणायला जागाही ठेवली नाहीस.

तेव्हा तो ब्रश परत पाठव. मला तो सोडून पुन्हा बांधायचाय. पोस्टाने नको. स्वतः घेऊन ये आणि माझ्यासमोर ठेव. काही बोलू नकोस, तसा नियमच आहे.

तुझी आत्या, नंबर सतरा